जसं उडणार तसं वजन

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला इकडे सगळं कुशल आहे असं लिहायची पद्धत असते. ते लिहिलं असं समज आणि पुढे वाच.

तू फोन घेत नाहीस. वॉर्डातल्या नर्सबाई म्हणाल्या, "बोलत नाहीत ते कुणाशी, पण वाचतात. हाताला लागेल ते वाचतात. परवा तर सलाइनच्या बाटलीवरचं सगळं वाचून काढलं." म्हटलं, बाटलीपेक्षा माझं पत्र जरा तरी बरं असेल. म्हणून बसले लिहायला.

बातमी अशी की आमच्या वजनकाट्यावर नवीन स्क्रीन बसवलाय. आकडे लाल आणि वीतभर उंच, रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यालासुद्धा दिसतात. मालकांना वाटतं त्यामुळे लोक लबाडी करणार नाहीत. लोक कसले ऐकतात! गेल्या आठवड्यात एक खडीचा ट्रक आला. भरलेला मोजताना ड्रायव्हर आत बसून राहिला आणि रिकामा मोजताना साळसूदपणे खाली उतरून तंबाखू मळायला लागला. म्हणजे खडीच्या वजनात ऐंशी किलोचा ड्रायव्हर फुकट. मी खिडकीतून ओरडले, "भाऊ, वर बसा. तुम्ही खडी नाही." तो म्हणाला, "बाई, तुमच्या डोळ्यांतच काटा बसवलाय." बाजूचे सगळे हसले. मीही हसले बहुतेक.

एकोणीस वर्षं झाली मला या खिडकीत. भरलेलं वजा रिकामं. एवढंच काम.

मी भेटायला येत नाही याचा तू राग धरला असशील. गुडघा कुरकुर करतो आणि तुझ्या त्या पुनर्वसन केंद्रापर्यंत बस दोनदा बदलावी लागते. दोनदा आले होते, पण तू झोपला होतास, म्हणून दारातूनच परत फिरले. वहिनी दर रविवारी येतेच, तेव्हा माझ्यावाचून अडत नसेल.

ग्लायडिंग क्लबच्या मैदानावर गेल्या रविवारी गेले होते. हँगरला कुलूप आहे. विंचवाले काका मात्र दर रविवारी येतात, विंचच्या दोराला ग्रीस लावतात, इंजिन पाच मिनिटं चालवतात आणि बंद करतात. ओढायला ग्लायडर नाही, वर जायला माणूस नाही, तरी यांचं चालूच. मी म्हटलं, "काका, कशाला?" तर म्हणाले, "दोर गंजला की मग कोणी विचारणार नाही कशाला म्हणून." डबा उघडून अर्धा मला दिला. आम्ही दोघं धावपट्टीच्या कडेला बसून जेवलो.

आपलं वजनाचं टेबल तिथेच आहे, ताडपत्रीखाली. त्यावर तू खडूने लिहिलेली पाटीही आहे. "जसं उडणार तसं वजन." तुझं अक्षर नेहमीसारखंच, कोंबडीने पाय ओढल्यासारखं.

काका हिशेब काढत बसले होते, किती जणांना वर नेलं. ते म्हणाले तीस-पस्तीस. एक्केचाळीस, दादा. मी प्रत्येकाचं वजन केलंय, मला माहीत असणार. त्यातले अठ्ठावीस चाकाच्या खुर्चीतून आले. खुर्चीसकट काट्यावर घ्यायचं, माणूस ग्लायडरमध्ये बसला की रिकामी खुर्ची पुन्हा मोजायची, वजाबाकी करायची. तो पोलिओ झालेला घड्याळजी आठवतो? वरून खाली आला आणि तासभर एक शब्द बोलला नाही. आम्हाला वाटलं घाबरला. मग म्हणाला, "माझ्या दुकानाचं छप्पर इतकं घाण आहे हे मला माहीतच नव्हतं." लोक वर जाऊन काय काय बघतात.

तर हे असं. अपघाताच्या चौकशी समितीची शेवटची बैठक वीस मार्चला आहे, हे तुला कळलं असेलच. त्या दिवशी तुझ्या नावापुढे काय लिहायचं ते ठरणार. वहिनी म्हणाली, तू त्यांना आधीच लिहून दिलंयस की चूक तुझीच. इतकी घाई कशाला केलीस, दादा? ते लोक पगार घेतात चूक शोधायचा. त्यांना शोधू द्यायची होतीस.

जेवत जा. तुझं वजन एकसष्टवर आलंय असं वहिनी म्हणाली. अठ्ठ्याहत्तर होतं.

तुझी बहीण


२२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी दुसरं लिहितेय, कारण आज रविवार आहे आणि वहिनी तुझ्याकडून परतताना माझ्या खोलीवर येऊन गेली. कप अजून धुवायचे पडलेत.

वहिनी रडत नाही आताशा. पर्स मांडीवर घेऊन बसते आणि सांगत राहते. आज म्हणाली, "वन्सं, एक विचारू? हे रोज कॅलेंडर वाचतात. पहिल्या तारखेपासून शेवटपर्यंत, मोठ्याने. मग मला विचारतात, बरोबर वाचलं का? मग औषधाच्या गोळ्यांवरचे आकडे. मग माझ्या बसच्या तिकिटावरचा नंबर. एकही चुकत नाहीत. तरी दोनदा डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलवून घेतलं. डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम आहेत. तर यांचं म्हणणं, मग बिघाड डोळ्यांच्या मागे असणार."

मी चहा ढवळत होते.

ती म्हणाली, "तुमचा कागद मी पाहिलाय समितीच्या टेबलावर. गणिताच्या बाईंच्या नावापुढे छप्पन्न. इतकं स्वच्छ लिहिलंय. तुमचं अक्षर कसं मोत्यासारखं. ग्लायडरच्या पुढच्या सीटवर निदान सत्तर किलो लागतात, म्हणजे छप्पन्नला शिशाच्या तीन-तीन किलोच्या पाच पट्ट्या घालायला हव्या होत्या. यांनी घातल्या दोन. दोन पट्ट्या म्हणजे यांनी चौसष्ट वाचलं असणार, असं हेच म्हणतात. त्या दिवसातलं सकाळच्या चहानंतरचं काहीच आठवत नाही ना यांना. आठवत असतं तर निदान कळलं असतं कसं चुकलं ते." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तुमचं काम चोख केलं होतं."

मी तिला आणखी एक कप चहा दिला. साखर जास्त झाली होती, तरी प्यायली बिचारी.

दुसरी गोष्ट तिने सांगितली ती क्लबची. मंडळी तुझ्याकडे येऊन गेली म्हणे. दुसरं ग्लायडर दुरुस्त झालंय आणि तू बनवलेला हाताचा दांडा त्यात बसवलाय, पायाच्या पेडलचं काम हाताने करणारा. ते म्हणाले, "मास्तर, हा दांडा तुम्ही दुसऱ्यांसाठी केलात. आता तुम्हीच बसा. समितीने परवाना ठेवला तर शिकवायलाही या." आणि तू भिंतीकडे बघत म्हणालास, "ज्याला दोन आकडी संख्या नीट वाचता येत नाही, त्याने जमिनीवर राहावं."

वहिनीने हे वाक्य दोनदा सांगितलं. तुझ्या आवाजात सांगायला गेली आणि तिला ते जमलं नाही.

त्या दिवशी तुझ्या पुढच्या सीटवर होत्या त्या गणिताच्या बाई बुधवारी वजनकाट्यावर आल्या होत्या. मी खिडकीत होते आणि समोर दोन सिमेंटचे ट्रक उभे. त्यांच्यामधून त्या आल्या, नवे कृत्रिम पाय घालून, काठी न घेता. हाताचं प्लास्टर निघालंय, पण खडू धरायला त्रास होतो म्हणाल्या. मुलं फळ्यावरची आकडेमोड आता स्वतः करतात, त्यामुळे वर्गाचं भलंच झालं. दोघी हसलो. त्यांनी तुझी चौकशी केली. म्हणाल्या, "मास्तरांवर माझा राग नाही, हे त्यांना सांगा. विमान खाली येत होतं ना, तेव्हा ते मागून ओरडत होते, हात छातीशी घ्या, हात छातीशी घ्या. स्वतःचं काही म्हणाले नाहीत." त्यांना तुला भेटायचंय. तू हो म्हणशील का?

आणखी एक-दोन गोष्टी बोलल्या. नंतर ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला आणि त्या गेल्या.

मला हल्ली फारसं काही वाटत नाही, दादा. वाईट, बरं, काहीच. सकाळी उठते, ट्रक मोजते, कुलूप उघडून घरात येते. शेजारीण म्हणते रक्त तपासून घ्या. तुझ्या कमरेखाली काही कळत नाही असं डॉक्टर म्हणतात. सुई टोचली तरी कळत नाही. मी मागे एकदा भाजी चिरताना बोट कापलं, तर ओट्यावर लाल दिसलं तेव्हा कळलं.

हे तुला उगाच लिहिलं. तुझ्यापुढे असलं रडगाणं गाऊ नये.

वीस तारीख जवळ येतेय.

तुझी बहीण


१७ मार्च

दादा,

आज बातम्या नाहीत. जे लिहायचंय ते दोन पत्रांत टाळलं. त्याआधी सात महिने टाळलं. आता सरळ लिहिते. मध्येच पत्र खाली ठेवू नकोस.

तू आकडा चुकीचा वाचला नाहीस. मी तुला दिलेल्या चिठ्ठीवर चौसष्टच होतं.

आता पहिल्यापासून सांगते, कारण तुला त्या दिवसातलं काही आठवत नाही आणि आठवणारी मी एकटीच आहे.

त्या रविवारी नऊ जण होते. पावसाने उघडीप दिली होती, ऊन फार होतं आणि ताडपत्री एका बाजूने सुटली होती. गणिताच्या बाई सातव्या. माझं नेहमीचं काम तुला माहीत आहे. ज्यांचे पाय लाकडाचे, प्लास्टिकचे, त्यांना विचारायचं, घालून उडणार की काढून, आणि तसंच मोजायचं. ती पाटी तू माझ्याच डोक्यावर लावली होतीस. बाई टेबलाजवळ आल्या. मी खुर्ची पुढे केली. त्या म्हणाल्या, "नको. मी उभी राहून करते. दवाखान्यात सगळे मला बसवून मोजतात, पोत्यासारखी." मी म्हटलं, "या मग, पोतं नाही तर राणीसाहेब." त्या काट्यावर चढल्या आणि दोन्ही हात सोडून उभ्या राहिल्या. इतक्या खूश होत्या, दादा. मला म्हणाल्या, "आकडा मोठ्याने वाचा." मी वाचला, चौसष्ट. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले आणि वहीत चौसष्ट लिहिलं आणि चिठ्ठीवर चौसष्ट लिहिलं. घालून उडणार की काढून, हे विचारायचं राहिलं आणि पाय वजा करायचे राहिले. दोन पायांचे आठ किलो.

ग्लायडरपाशी गेल्यावर त्यांचं प्लास्टिकचं पाऊल पेडलखाली अडकायला लागलं, म्हणून तू पाय काढायला लावलेस. ते बरोबरच होतं, हाताचा दांडा होताच. मग तू परत टेबलाकडे आलास. चिठ्ठी हातात होती. तू मला विचारलंस. हे तुला आठवत नाही, पण तू विचारलंस, "पाय काढून केलंय ना?"

आणि मी मान वरसुद्धा केली नाही. आठव्या माणसाची खुर्ची काट्यावर चढत नव्हती, ती ढकलत होते. मी म्हटलं, "हो रे बाबा. एकोणीस वर्षं दुसरं काय करतेय मी?"

तू हसलास. "बरं बरं, मालकीणबाई," म्हणालास आणि गेलास. दोन पट्ट्या घातल्यास. चौसष्टला दोनच लागतात. तू बरोबर घातल्यास.

विंचने दोर ओढला आणि ग्लायडर सुटलं. नाक वर गेलं आणि वरच जात राहिलं. तुमच्या त्या सगळ्या विद्येतलं मला काही कळत नाही, पण वजनातलं कळतं. पुढे हलकं आणि मागे जड असलं की काय होतं ते मला कळतं. विंचवाल्या काकांनी दोर सोडायच्या आधी मला कळलं होतं. पाय टेबलाशेजारी गवतावर ठेवलेले होते, बूट घातलेले. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मनात वजाबाकी झाली. मग एक पंख खाली गेला.

शिट्टी वाजली. सगळे धावले. ज्यांना धावता येत नव्हतं त्यांनी खुर्च्या पळवल्या. एकजण गवतात पडला आणि हातांवर सरकत पुढे गेला.

मी गेले नाही, दादा. मी खाली बसले, वही उघडली, ते पान फाडलं आणि नव्या पानावर सगळं पुन्हा लिहून काढलं. सहा नावं, त्यांची वजनं, मग बाई, छप्पन्न, मग आठवा. नववा मोजायचा राहिला होता, त्याचं नुसतं नाव. तेच पेन. माझा हात कापला नाही. त्या पानावर माझं अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलंय, वहिनीला मोत्यासारखं वाटलं ते तेच. जुनं पान ब्लाउजमध्ये कोंबलं आणि मग मी तुझ्याकडे आले. तू गवतावर पडला होतास. काकांनी तुझा हात धरला होता. ते म्हणाले, "पाणी आणा." मी पाणी आणलं.

एवढ्या वेळात एक माणूस आपल्या भावाकडे धावत गेला असता. मी तेवढ्या वेळात आठ वजनं लिहिली.

पान मी घरी येऊन फाडून संडासात टाकलं. चिठ्ठी तुझ्या शर्टाच्या खिशात होती. दवाखान्यात तुझे कपडे कापून पिशवीत भरले होते. वहिनी डॉक्टरांकडे होती, म्हणून पिशवी माझ्या हातात दिली. मी चिठ्ठी काढून घेतली. समितीच्या साहेबांनी विचारलं, चिठ्ठी कुठे आहे? मी म्हटलं, सापडली नाही. त्यांनी विचारलं, वहीतला आकडा तुम्हीच लिहिलात? मी म्हटलं, हो. ते खोटं नव्हतं बघ.

बाईंना शंका होती. त्या बुधवारी काट्यावर आल्या तेव्हा ज्या एक-दोन गोष्टी बोलल्या म्हणून मी लिहिलं, त्या या. त्यांनी विचारलं, "मी पाय घालून उभी होते ना हो? तुम्ही चौसष्ट वाचलेलं मला आठवतंय. मी टाळ्या वाजवल्या होत्या." मी म्हटलं, "हो, मग मी आठ वजा केले. वहीत छप्पन्न आहे की." त्या लगेच म्हणाल्या, "तेच म्हटलं. तुम्ही केलेच असणार. गणिताची बाई असून मलाच सुचलं नाही." आणि माझी माफी मागितली, दादा. माझी.

चिठ्ठी मी का ठेवली, का फाडली नाही, मला सांगता येत नाही. त्यात काही चांगुलपणा शोधू नकोस. तुला तशी खोड आहे.

तू विचारशील, असं का केलंस? मला तुरुंगाची भीती वाटली नाही, तेव्हा ते डोक्यातसुद्धा नव्हतं. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, शिकवायला गेलास तर मी दहावीत दोनदा आपटले. लग्न जमवलंस ते दीड वर्षात मोडून घरी आले. या काट्यावरची नोकरी तूच लावून दिलीस. आयुष्यात एकच गोष्ट मला नीट येते म्हणून तू लोकांना सांगायचास. "वजनाचं टेबल? तिथे माझी बहीण बसते. तिथे मला बघावं लागत नाही." तू हे बोललास की मी दिवसभर ताठ बसायची. तेवढं एक जाऊ नये म्हणून मी पान फाडलं. तुझं काय होईल ते त्या मिनिटाला माझ्या मनात आलंच नाही. तू जिवंत आहेस की नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं. तू मेला असतास तरी मी ते पान बदललं असतं. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मग तू शुद्धीवर आलास आणि मी वाट बघत बसले की तुला आठवेल. तुला आठवलं नाही. तू स्वतःवर घेतलंस आणि मी घेऊ दिलं. परवाना जाईल, जाऊ दे. उपक्रम बंद पडेल, पडू दे. माणसं वर जायची थांबतील, थांबू देत. असं एकेक करत मी सात महिने काढले. आणि मग वहिनीने कॅलेंडरचं सांगितलं. तू खोलीत पडून तारखा वाचतोस आणि बायकोला विचारतोस बरोबर आहे का. माझ्या चुकीमुळे तू पाठ मोडून पडलायस, तेवढं मी गिळलं होतं. पण तुझं डोकं ठिकाणावर आहे की नाही याचीच तुला शंका यावी, हे मला गिळता आलं नाही. तुझ्या डोळ्यांच्या मागे काहीही बिघडलेलं नाही. बिघाड टेबलापाशी होता.

काल मी समितीच्या कचेरीत गेले. सगळं लिहून नेलं होतं, तीन पानं, सही करून. सोबत चिठ्ठी. साहेबांनी चष्मा लावला, चिठ्ठी उलटी-सुलटी करून पाहिली. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही काय करताय ते कळतंय ना? पुरावा बदलल्याचा गुन्हा होतो हा." मी म्हटलं, कळतंय. "मग आताच का?" मी म्हटलं, "माझा भाऊ कॅलेंडर वाचत बसतो." त्यांना काही उमगलं नाही, पण त्यांनी ते लिहून घेतलं. मग पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. शुक्रवारच्या बैठकीला मला बोलावलंय. त्यापुढे काय ते पोलीस ठरवतील.

तिथून काट्यावर गेले आणि मालकांना नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. वजन बदलून लिहिणारी बाई काट्यावर कोण ठेवणार? त्यांनी आधी थट्टा समजली. बाईंना संध्याकाळी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आता जा," आणि मी आले. वहिनीला अजून सांगितलेलं नाही. तिला तू सांग. मला ते होणार नाही.

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. बसमध्ये बसले, तिकीट काढलं, घरी आले. फक्त आज सकाळी भांडी घासताना एकदम हात थरथरायला लागले आणि थांबेनात. तेव्हाच बसले लिहायला.

तुला आधी न सांगता साहेबांना आधी सांगितलं, याचं कारण तुला माहीत असायला हवं. तुला आधी सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "जाऊ दे गं, माझं काय व्हायचं ते झालंय, तू कशाला मरतेस." आणि मी ऐकलं असतं. लगेच ऐकलं असतं. मी स्वतःला ओळखते आता.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. मागितलं की तू देशील, आणि मग मला ते घ्यावं लागेल. भेटायलाही येणार नाही, तू बोलावेपर्यंत. ते दोनदा तू झोपला होतास म्हणून परतले असं लिहिलं होतं. तू जागा होतास. दाराकडे पाठ करून भिंतीवरचं काहीतरी वाचत होतास. मी ऐकलं आणि जिना उतरले.

एक मागणं आहे. क्लबची मंडळी पुन्हा येतील. त्यांना हो म्हण. हाताच्या दांड्याला थोडं तेल लागेल, काका करून देतील. पाय नीट बांधून घे, ते पेडलवर घसरतात हे तूच सगळ्यांना सांगायचास. आणि तुझं वजन माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाकडून करून घे. तो माणूस कितीही भरवशाचा असू दे, सख्खा असू दे, तो तोंडाने सांगेल त्यावर जाऊ नकोस. काट्यावर स्वतः वाक आणि आकडा वाच. जो दिसेल तोच असेल. तुला वाचता येतं, दादा.

जिच्या टेबलाकडे तू कधी वळून पाहिलं नाहीस,
ती तुझी बहीण